तंबू ठोकायचा कुठे? सातारा-सांगलीकडे आई आणि पोरांना घेऊन एक रात्र

गोडोलीची_लेक | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही तिघं भावंडं आपापली बिऱ्हाडं घेऊन एक रात्र बाहेर तंबूत काढायची म्हणतोय. मी साताऱ्यात, ताई सांगलीत विश्रामबागला, धाकटा भाऊ पुण्यात. मोठी माणसं सहा, पोरं चार (शेंडेफळ चार वर्षांचं, सगळ्यात मोठी सहावीत) आणि आई. आईचे गुडघे दुखतात, पण "मला वगळून गेलात तर बघा" असा दम आधीच भरून ठेवलाय.

रील बघून बघून डोकं गरगरायला लागलं. जिकडे तिकडे तेच निळं पाणी, केशरी तंबू आणि दिव्यांच्या माळा. पोराबाळांना कुठली जागा बरी, हे त्यावरून काही कळत नाही. कास, बामणोली, तापोळा, धोम, ठोसेघर, चांदोली एवढी नावं यादीत आहेत. दोन तंबू आमच्याकडे आहेत, बाकीचे भाड्याने घेऊ. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण रात्री झोप लागली पाहिजे.

निवांत_फलटण | शुक्रवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही जायचंय.

सह्यभटक्या | शुक्रवार, रात्री १०:१५

ताई, विचार कसला करताय! बामणोलीहून बोट धरा, वासोट्याच्या पायथ्याला तंबू लावा, पहाटे गड. नाहीतर कास पठारावर. तिथून दिसतं तेवढं आभाळ दुसरीकडे कुठे दिसत नाही. धोम-बिम सगळं पिकनिकवाल्यांचं झालंय आता.

निवृत्त_रानमाणूस | शनिवार, सकाळी ६:३०

सह्यभटक्या, बाळा, सकाळी सकाळी माझा रक्तदाब वाढवू नकोस.

वासोट्याला मुक्काम करता येत नाही. गडावर नाही, पायथ्यालाही नाही. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीहून बोटीने जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, असा नियम आहे. नियम कागदावरचा वाटत असेल तर एवढं ऐक: तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. गवा सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पण रात्री उठून अनवाणी बाहेर पळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार?

कासचंही तेच. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटातली जी ठिकाणं गेली, त्यात कास आहे. पठारावर तंबू चालत नाही. आणि डिसेंबरात तिथे फुलं नसतात, वाळलेलं गवत असतं. शिवाय पठार जांभ्याचं. वर चार बोटं माती, खाली कातळ. तंबूची खुंटी आत जातच नाही. मग लोक दगड रचून दोऱ्या बांधतात आणि त्या दगडांखालची जी इवलीशी वनस्पती पुढच्या पावसाची वाट बघत असते, ती गेली.

चांदोलीच्या आत तंबू ठोकायचा विचारही सोडा. वारणावतीला बाहेर राहून दिवसा परवानगीने आत जाऊन यायचं. तेवढं जरूर करा.

गोडोलीच्या ताई, तुमच्या यादीतली दोन नावं अशी गेली. उरलेल्यांवर बाकीचे बोलतील.

सह्यभटक्या | शनिवार, सकाळी ९:०५

काका, पाच-सहा वर्षांपूर्वी लोक राहायचे की तिथे.

निवृत्त_रानमाणूस | शनिवार, सकाळी ९:२०

राहायचे. आम्ही उठवायचो.

पापड_कुरडई | शनिवार, दुपारी २:१०

आम्ही पोरं लहान असल्यापासून दर हिवाळ्यात कुठे ना कुठे तंबूत राहतो, म्हणून जरा लांबण लावते.

जागेचे जेवढे फोटो दिसतात ते सगळे संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळातले असतात. तेव्हा कुठलीही जागा छानच दिसते. तुम्ही जागा निवडा ती रात्री दोन वाजता कशी असेल याचा अंदाज घेऊन. दोन वाजता काय होतं? आईंना लघवीला जायचं असतं. धाकट्याला तहान लागते, नाहीतर थंडी. वारा सुटलेला असतो. शेजारच्या तंबूतल्या पोरांचं 'अजून एक गाणं' चाललेलं असतं. या चार गोष्टींचा बंदोबस्त असेल तर मग पाणी निळं असो की गढूळ.

आता एकेक बघा. संडास तंबूपासून किती पावलांवर आहे, वाटेत पायऱ्या आहेत का, आत कमोड आहे की साधा, रात्रभर दिवा असतो का आणि नळाला पाणी टाकीतून येतं की मोटर लावल्यावर. बुकिंग करताना मी सरळ सांगते, "दादा, संडासाचा व्हिडिओ टाका, तंबूपासून चालत जाऊन काढा." जो टाकतो त्याच्याकडे जाते. जो म्हणतो "मॅडम, एकदम स्वच्छ आहे, टेन्शन घेऊ नका", त्याच्याकडे जात नाही. तुमच्या आईंसाठी घडीची कमोड-खुर्ची घेऊन जा. मेडिकल सामानाच्या दुकानात मिळते, भाड्यानेही देतात. लाजायचं काही काम नाही.

वारा. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. दिवसा पोरं पंख्यांकडे बघून नाचतात. पण रात्री त्या पठारावर तंबूचं कापड असं फडफडतं की मोठ्यांनाही झोप लागत नाही. पाचगणीच्या टेबललँडच्या आजूबाजूला उघड्या कड्यावर तीच गत. पोरं बरोबर असली की मी डोंगराच्या पोटातली जागा बघते, मागे झाडी किंवा बांध असलेली. पण अगदी खोलगट जागाही नको, रात्री थंड हवा तिथेच येऊन बसते आणि सकाळी तंबूवरून दव नुसतं निथळत असतं.

पाणी. फोटोत तंबूच्या दारात पाणी दिसतं, आणि मला तेच नको असतं. धरणाचा काठ म्हणजे समुद्राची चौपाटी नव्हे. खाली जुनी शेतं आहेत, ताली आहेत, विहिरीसुद्धा आहेत. गुडघाभर पाण्यात दोन पावलं पुढे टाकली की एकदम गळाभर. लहान मूल बरोबर असेल तर काठापासून चांगलं लांब, मध्ये कुंपण असेल तर सोन्याहून पिवळं.

आवाज. यावर मी काही बोलले तर पोस्ट उडेल, म्हणून थांबते.

मिरजेचा_कट्टा | शनिवार, दुपारी २:४०

आवाजावर मी बोलतो. मागच्या वर्षी एका तलावाकाठच्या कॅम्पला (नाव नको) 'फॅमिली ओन्ली' बघून गेलो. संध्याकाळी सातला दोन गाड्या भरून पोरं उतरली आणि स्पीकर उतरला तो त्यांच्या सामानाच्याही आधी. मालक म्हणाला, "ते पण कुणाच्या तरी फॅमिलीतलेच आहेत की साहेब." काय बोलणार?

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. ११२ ला फोन करता येतो. पण पोलीस येईपर्यंत पोरं रडून रडून झोपलेली असतात. त्यामुळे विचारायचं ते बुकिंगच्या आधीच, आणि सरळ: त्या रात्री अजून कोण कोण आहे आणि स्पीकर किती वाजता बंद.

धोमकाठचा_तंबूवाला | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार. वाईच्या पश्चिमेला आमचा छोटा कॅम्प आहे. जाहिरात करत नाही, जागेचं नावही सांगणार नाही. पण इकडची बाजूही कुणीतरी मांडावी म्हणून लिहितो.

शनिवारची एक रात्र भरते आणि तिच्यावर आमचा आठवडा चालतो. म्हणून शनिवारी कुणाला नाही म्हणणं जिवावर येतं. मिरजेच्या दादांना जो भेटला त्याचं समर्थन करत नाही, पण गणित हे असं आहे. तुम्हाला शांतता हवी असेल तर शुक्रवारची किंवा रविवारची रात्र धरा. जेवण तेच, माणसं तीच, भावही थोडा कमी होतो आणि अर्धे तंबू रिकामे असतात. शनिवारच हवा असेल तर दहा-बारा माणसांचं कुटुंब आहे म्हटल्यावर 'आमचाच ग्रुप राहील अशी जागा द्या' म्हणून बघा. छोटे शेतावरचे कॅम्प तयार होतात, मोठे होत नाहीत.

दुसरं, पाण्याची पातळी. धरणं ऑक्टोबरात काठोकाठ असतात, तिथून पुढे रोज उतरत जातात. डिसेंबरात ठीक असतं. पण एप्रिल-मेमध्ये याल तर फोटोतल्या पाण्याच्या जागी भेगाळलेला गाळ दिसेल, पाणी कुठे तरी लांब. त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. मोकळं मैदान दिसतंय म्हणून तिथे तंबू टाकू नका. ते कुणाचं तरी कलिंगड नाहीतर हरभरा असतो. आणि धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर कधीच नाही. पाणी कधी सोडतील याचा नेम नसतो.

तिसरं, जेवणाची वेळ. सगळे कॅम्प रात्री नऊला जेवण देतात, कारण आधी ते बार्बेक्यू चालतं. लहान पोरं तोवर पेंगतात. आधी सांगितलंत तर साडेसातला पिठलं-भाकरी, वरणभात वाढायला कुणाचीच हरकत नसते. सांगतच नाही कुणी.

पापड_कुरडई | शनिवार, रात्री ११:१५

तंबूवाले दादा, चांगलं लिहिलंत. एक विचारते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं, साहसी पर्यटनाचं २०२१ चं. नोंदणी असलेले कॅम्प किती?

धोमकाठचा_तंबूवाला | शनिवार, रात्री ११:३०

ताई, आमची आहे. बाकीच्यांचं मी कसं सांगू? पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, एवढं फोनवर विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला की समजून जा. बोटिंग असेल तर लाइफ जॅकेट पोरांच्या मापाचं आहे का तेही विचारा. मोठ्यांचं जॅकेट पोराच्या अंगातून पाण्यात वर निघून जातं.

विश्रामबाग_व्हाया_वाळवा | रविवार, सकाळी ८:००

धाग्याच्या नावात सांगली आहे म्हणून आलो. बघतो तर सगळं साताऱ्याचंच चाललंय. नेहमीचंच.

आमच्याकडे सागरेश्वर आहे. अवघ्या १०.८७ चौरस किलोमीटरचं कुंपण घातलेलं अभयारण्य, माणसाने उघड्या-बोडक्या डोंगरावर उभं केलेलं. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य खर्ची घातलं. सांबर, चितळ, काळवीट सकाळच्या वेळी हमखास दिसतात. पोरांना 'आज काहीच दिसलं नाही' म्हणून तोंड पाडून परतावं लागत नाही. आत राहायचं नाही, पण पायथ्याच्या गावांत मळ्यावर राहून पहाटे जाता येतं. शेजारी देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्यांचं घर बघून होतं.

दंडोबाचा डोंगर मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला, भोसे गावाजवळ. डोंगरात कोरलेलं देऊळ आहे, गाडी वरपर्यंत जाते. आजींना बरं. पण रात्री राहायला नको, दिवसाच.

शिराळ्याकडे गुढे-पाचगणीचं पठार आहे. वारा भरपूर, म्हणजे पापड-कुरडईताईंच्या परीक्षेत नापास.

निवृत्त_रानमाणूस | रविवार, सकाळी ८:४५

शिराळा-कराड पट्ट्यात मळ्यावर राहणार असाल तर उसाला लागून तंबू नको. डिसेंबरात तोडणी चालू असते. बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते आणि फड तुटला की ती सैरभैर होते. वस्तीच्या अंगणात, दिव्याच्या उजेडात राहा. आणि संध्याकाळनंतर पोरांना एकट्याने शी-शूला पाठवायचं नाही. हा नियम साताऱ्यालाही तसाच.

माणदेशी_गडी | रविवार, सकाळी १०:२०

आवो पन हिकडं या की माण-खटावला! पाऊस न्हाई, चिखल न्हाई, डासबी कमी. डिसेंबरात हुरडा पुरता भरत न्हाई म्हना, पन जानेवारीत आला तर कोवळी ज्वारी, लसणाची चटणी, वर गूळ. रानात तंबू टाका, कोन ईचारत न्हाई. फकस्त रानाच्या मालकाला आधी ईचारा, म्हंजी झालं. आनि रातच्याला पांघराय दहीवडी-म्हसवडकडचं घोंगडं घ्या. तुमची ती फुग्यावानी स्लीपिंग बॅग झक मारती.

पापड_कुरडई | रविवार, सकाळी १०:४०

घोंगड्याला +१. फक्त ते पांघरू नका, अंथरा. थंडी अंगावरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. खाली ताडपत्री, त्यावर घोंगडी, त्यावर गादी नाहीतर जाड सतरंजी. पोरं पांघरूण लाथेने उडवतात, खालचं अंथरूण तेवढं जागेवर राहतं.

सह्यभटक्या | रविवार, सकाळी ११:००

आम्ही पाटण साइडला तंबूखाली भाताचा पेंढा टाकतो. मस्त ऊब राहते.

आरोग्य_केंद्र_ड्यूटी | रविवार, दुपारी १:३०

पेंढा नको हो, निदान पोरांच्या तंबूखाली तरी नको. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. पावसाळा संपल्यापासून हिवाळ्यापर्यंत गवत-झुडपातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसचे रुग्ण येतात. सहलीहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि अंगावर काळी खपली असलेला एखादा डाग दिसला, तर डॉक्टरांना "गवतात झोपलो होतो" हे आठवणीने सांगा. वेळेवर औषध मिळालं की बरं होतं. लोक सांगत नाहीत आणि मग डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड असं फिरत बसावं लागतं.

आता सापाचं. हिवाळ्यात कमी निघतात, पण निघतात. तंबूत जमिनीवर झोपणाऱ्याला धोका जास्त मण्यारीचा. ती रात्री फिरते, चावल्याचं दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोर म्हणतं "पोट दुखतंय", मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं. अशा वेळी ओवा-बिवा देत बसायचं नाही, थेट दवाखाना. घोणस, फुरसं चावलं तर लगेच कळतं, सूज येते. तिन्हींचा पहिला उपचार एकच. हात-पाय हलवू न देता गाडीत घाला, अंगठी-बांगडी काढा. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका लांब असेल तर स्वतःच निघा. जागा ठरवताना गूगलवर अंतर बघता तसंच जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आधी फोन करून 'सापाची लस आहे का' विचारून ठेवा. कुणी वेड्यात काढत नाही, आम्हाला असे फोन आलेले आवडतात.

आणि तंबूची चेन. रात्री जितक्या वेळा आत-बाहेर कराल तितक्या वेळा लावायची. बूट-चपला आत घ्यायच्या किंवा सकाळी झटकून घालायच्या.

अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नका. विझत आलेली असली तरी नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

निवृत्त_रानमाणूस | रविवार, दुपारी २:०५

सिस्टर, तुम्ही आमच्या धाग्याला देवासारख्या आलात.

शेकोटीचं मीही सांगतो. डिसेंबरपासून गवत वाळतं, फेब्रुवारीपासून साताऱ्याचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. वणवे बहुतेक माणसाच्याच हातचे असतात. जमिनीवर जाळ करू नका. घमेल्यात करा, खाली चार विटा ठेवा, शेजारी पाण्याची बादली. झोपताना पाणी ओतून हात लावून बघा. आणि शेजारच्या झाडावर, कड्याला आग्या मोहोळ नाही ना हे उजेड असतानाच बघून घ्या. धूर गेला की ती उठतात आणि मग पळायलाही जागा राहत नाही.

पुण्याचा_पाहुणा | रविवार, दुपारी ४:४५

मी या धाग्यातल्या ताईंचा धाकटा भाऊ. आत्ताच लिंक मिळाली. माझ्या गाडीत कमोडची खुर्ची ठेवणार आहेत हे मला या धाग्यावरून कळतंय. धन्यवाद.

बाकी मला पुण्याहून वाई जवळ पडतं हे नोंदवून ठेवा. बामणोलीला कासवरून वळणं घेत जायचं, आणि तापोळ्याला तर आधी महाबळेश्वर चढायचं आणि मग परत उतरायचं. माझ्या दोन्ही पोरांना घाटात उलट्या होतात.

गोडोलीची_लेक | रविवार, सायंकाळी ५:१०

डिकी मोठी कुणाची आहे? मग बोलू नकोस.

बाकी सगळ्यांचे आभार. तापोळा-बामणोली आता गळाले. तिकडे फोनला रेंजही धड नसते म्हणतात आणि सिस्टरांचं वाचल्यावर ते नको वाटतं. राहिलं धोम-वाईकडे किंवा सागरेश्वरच्या बाजूला एखादा मळा. ताईला सांगलीहून वाई म्हणजे चांगले तीन तास, ती कुरकुरतेय.

विश्रामबाग_व्हाया_वाळवा | रविवार, सायंकाळी ५:४०

कुरकुरणारच. या वेळी वाई करा, पुढच्या वर्षी सगळ्यांनी आमच्याकडे यायचं असं तिला धाग्यावर लिहून द्या. आम्ही साक्षीदार.

धोमकाठचा_तंबूवाला | रविवार, रात्री ९:००

वाईकडे येणार असाल तर दुसऱ्या दिवशीचं सांगतो. सकाळी धोमला जा, नरसिंहाचं देऊळ आहे आणि पुढे दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. पोरं तिथून हलत नाहीत. मग मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची मोठी घंटा. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांच्या वेळी आलेली. तिथून वाईत ढोल्या गणपती. आजींना गणपतीच्या पायऱ्या जमतील, घाटाच्या कदाचित नाही. पाचगणीला चढायचं असेल तर तिथून पुढे महाबळेश्वरच्या बाजूला भिलार आहे, पुस्तकांचं गाव, २०१७ पासूनचं. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचा, कुणी उठवत नाही. पावसाने खोळंबा झालाच तर हा पर्याय हाताशी ठेवा. काही घरांत राहायचीही सोय होते.

बावधनच्या बगाडाच्या दिवशी, म्हणजे रंगपंचमीला, किंवा पौषात मांढरदेवीची यात्रा असताना इकडे येऊ नका. वाईच्या रस्त्यावर गाडी इंचभर सरकत नाही. डिसेंबरात तुम्हाला तो त्रास नाही.

आकाशकंदील_नव्हे_आकाश | रविवार, रात्री ११:२०

तारीख डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणताय, तर १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. वर्षातला सगळ्यात भरवशाचा. पंचांगात चंद्र कधी मावळतो ते बघा. अमावास्येच्या आसपास असाल तर नशीब. पोरांना दहा वाजता उठवायचं, सतरंजीवर पाठ टेकवून झोपवायचं, दिव्यांच्या माळा मालकाला बंद करायला लावायच्या. त्या माळांसाठी पैसे कसले मोजता?

आणि पुढे कधी एप्रिल-मेमध्ये जाल तर वळवाचं भान ठेवा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, फोनमध्ये टाकून ठेवा. ढग गडगडायला लागले की पठार सोडायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडीत बसायचं. मे संपता संपता पहिल्या सरींना काजवे मात्र बघण्यासारखे असतात.

गोडोलीची_लेक | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

अपडेट. आज आम्ही दोघं वाईच्या पुढे जाऊन तीन जागा बघून आलो. पापड_कुरडई यांचं ऐकून मुद्दाम संध्याकाळी गेलो आणि अंधार पडेपर्यंत थांबलो. दिवसा आणि रात्री जागा इतकी वेगळी असते हे आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पहिली जागा पाण्याला अगदी लागून. साडेपाचला बघतच राहावं अशी. सातला शेजारच्या कॅम्पवर जनरेटर सुरू झाला आणि ह्यांना मला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागत होतं. दुसऱ्या जागेचा संडास चकाचक, पण तिथे जायला एकोणीस पायऱ्या, त्याही ओबडधोबड, कठडा नाही. मालक म्हणाला, "आजींना हात धरून आणू." रात्री दोनला?

तिसरी काठापासून बरीच आत, एका शेतकऱ्याची. समोर पाणी दिसतं पण झाडांच्या फटीतून. मागे आंब्याची रांग, त्यामुळे वारा अडतो. संडास घराचाच, ओसरीला लागून, कमोड आहे. मी आत जाऊन कडी लावून बघितली. कडी सरळ बसते, पण आतून लहान पोराला उघडता येणार नाही, म्हणून तिला दोरी बांधायला सांगितलं. काकूंनी लगेच परकराची नाडी बांधून दिली. टाकी वर आहे, मोटर नाही. मोबाइलला रेंज अंगणात आहे, आंब्याखाली नाही. एक कुत्रा आहे, पोरांनी शेपूट ओढली तरी चालेल असा दिसतो. वाईचं ग्रामीण रुग्णालय गाडीने जवळ आहे, तिथे फोन करून सिस्टरांनी सांगितलेलं विचारलं. बाई आधी दचकल्या, मग नीट बोलल्या.

त्या रात्री आम्ही सोडून दुसरं कुणी नाही असं ठरलंय. जेवण साडेसातला. माळा नकोत म्हटल्यावर काकांना वाईट वाटलं, नवीन आणल्या होत्या. शेवटी ओसरीवर लावायच्या आणि नऊला बंद करायच्या यावर तडजोड झाली.

पापड_कुरडई | पुढचा शनिवार, रात्री ९:४५

कडी बघून आलात म्हणजे आता मला शिकवायला काही उरलं नाही. एकच, आईंचा तंबू ओसरीच्या बाजूला लावा आणि तुम्ही पोरांच्या बाजूला. चार माणसांचा म्हणून विकतात त्या तंबूत तीनच माणसं झोपतात, तो हिशोब धरा.

सह्यभटक्या | पुढचा शनिवार, रात्री १०:०२

ताई, सगळं ठीक आहे, पण याला कॅम्पिंग म्हणायचं की गावाला जाणं?

गोडोलीची_लेक | पुढचा शनिवार, रात्री १०:१०

तुला चार पोरं आणि एक आई झाली की ये, मग ठरवू.

निवृत्त_रानमाणूस | पुढचा शनिवार, रात्री १०:१४

😄 घमेलं विसरू नका.

पुण्याचा_पाहुणा | पुढचा शनिवार, रात्री १०:३०

घमेलं माझ्याकडे नाही. फ्लॅटमध्ये कुणाकडे असतं? खुर्ची मी आणतो, घमेलं साताऱ्याहून. ताई सांगलीहून भडंग आणेल, दोन किलोच्या खाली चालणार नाही.

गोडोलीची_लेक | पुढचा शनिवार, रात्री १०:३६

घमेलं समोरच्या बांधकामावरच्या मामांकडून मागून आणते. विटा काकांच्या शेतावर आहेत, बघून आलेय. तू खुर्ची आधी बसून तपासून आण, मागच्या वेळची टेबलासारखी एका पायाने डुगडुगणारी नको.